रंगाला बोल लावण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या बाई लॉन बोल्स खेळतात. हिरवळीवर बोल घरंगळत सोडायचे आणि जॅक नावाच्या लहान चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ थांबवायचे, असा हा खेळ. त्या फोर्सच्या, म्हणजे चौघींच्या, संघात तिसऱ्या क्रमांकावर खेळतात. अकरा वर्षं त्यांचा एकच संच आहे: काळा, आकार 1, रुंद वळणाऱ्या बायसचा (बायस म्हणजे बोलाची एका बाजूला वळण्याची ओढ). बाजूच्या नक्षीतला रंग बहुतेक उडून गेला आहे. गेल्या मोसमात एका सामन्याच्या शेवटच्या एंडला, म्हणजे फेरीला, त्यांच्या स्किपने (संघाच्या कर्णधाराने) मॅटवरून, म्हणजे बोल सोडायच्या जागेवरून, जोरात बोल सोडला आणि हेडमधला, म्हणजे जॅकभोवती जमलेल्या बोलांतला, आपल्याच संघाचा बोल उडवला. तो नेमका या बाईंचा होता. समोरच्या लीडचा, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचाही संच काळाच होता, त्यामुळे घोटाळा झाला असं स्किपचं म्हणणं. त्यावर तिने उपाय काढला आहे: पुढच्या मोसमाआधी चौघींनी एकाच मॉडेलचे नारिंगी बोल घ्यायचे. दोघी तयार आहेत. या बाईंच्या हातात ते मॉडेल नीट बसत नाही आणि त्याचा बायसही त्यांच्या सवयीपेक्षा बराच अरुंद आहे. घरी मुलगा म्हणतो, "स्प्रे पेंटनं दोन तासांत रंगवून देतो." त्या विचारतात: रंगवावेत का? स्टिकरवर भागेल का? की मुकाट्याने नवा संच घ्यावा? आणि चौघींत मीच हटवादी ठरतेय का?

उत्तर

आधी मुलाला सांगा, स्प्रेचा डबा खाली ठेव. बाकीचं सावकाश बोलू.

बोल वळतो तो त्याच्या आकारामुळे. पोटात एका बाजूला वजन भरलेलं असतं हा समज अजूनही ऐकू येतो, पण आजच्या बोलात तसं काही नसतं. दोन्ही बाजूंची गोलाई किंचित वेगळी घडवलेली असते आणि वेग उतरला की बोल लहान कड्याच्या (बाजूंवर कोरलेल्या दोन वर्तुळांपैकी लहान वर्तुळाच्या) बाजूला कलून वळतो. म्हणजे ज्या पट्टीवर तो धावतो ती पट्टी हेच त्याचं सगळं यंत्र. तिच्यावर स्प्रेचा थर दिला की तो कुठे जाड बसतो, कुठे पातळ. पहिल्या दोनचार एंडनंतर मॅटवर आणि दुसऱ्या बोलांवर आपटून त्याचे पोपडे निघायला लागतात, आणि मग एकाच संचातले चार बोल चार तऱ्हांनी धावतात. रंग धरावा म्हणून आधी सॅंडपेपर मारला तर त्याहून वाईट, कारण मग तुम्ही आकारच बदलला. बोलाची राळ साच्यात उष्णतेने कायमची घट्ट झालेली असते आणि रंग तिच्या अंगात साच्यातच मिसळलेला असतो. ती वरून रंग पिऊन घेत नाही. कापडासारखा रंगात बुडवून काढायचा विचार कुणी सुचवला, तर त्याचंही उत्तर हेच. शिवाय थराखाली मान्यतेचा शिक्का आणि अनुक्रमांक झाकले गेले की पंचांनी बोल बाजूला काढला तर तक्रारीला जागा नाही. असा बोल परत खेळात आणायचा तर अधिकृत तपासनीसाकडे टेबलवर चाचणी करून घ्यावी लागेल, आणि तो पोपडे आलेल्या अवस्थेत पास होईल अशी आशा धरू नका.

काळ्या बोलांबद्दल एक गोष्ट जाता जाता. जुन्या नियमांत बोल काळा किंवा तपकिरीच असावा असं लिहिलेलं होतं. फिनॉलची राळ मुळातच गडद असते, त्यामुळे हे दोन रंग कारखान्यालाही सोयीचे होते. म्हणून जुन्या क्लबांच्या कपाटांत सगळा काळोख दिसतो. तुमचा संच काळा आहे यात तुमचं काही चुकलेलं नाही आणि समोरच्या लीडचंही नाही.

आता स्किपच्या युक्तिवादाकडे. तिचा अनुभव खरा आहे, तो खोटा पाडायची गरज नाही. पण त्यामागे एक गृहीत आहे: घोटाळा बोलाच्या अंगाच्या रंगामुळे झाला. हे तपासून बघू.

बोलावर रंग तीन ठिकाणी असतो. एक अंगाचा. दुसरा बाजूंवर कोरलेल्या नक्षीत आणि कड्यांत भरलेला. तिसरा वरून चिकटवलेला, म्हणजे स्टिकर. कोणता रंग कुणाला कुठून दिसतो, हा सगळा खेळ आहे. एक प्रयोग करा. तुमचा एक बोल फोरहॅंडने (उजव्या हाताने खेळताना उजवीकडून वळवून) जॅकच्या लांबीवर टाका आणि तो थांबला की मॅटवरूनच त्याच्याकडे बघा. तुम्हाला मुख्यतः धावपट्टी दिसेल, म्हणजे बोलाचं नुसतं अंग. वळून आल्यामुळे लहान कड्याची बाजू थोडी तुमच्याकडे तोंड करून असेल, पण बोल त्याच बाजूला कललेला असल्याने ती जमिनीकडे झुकलेली, तिरकी दिसेल. आता चालत हेडशी जा आणि वरून बघा. इथे मोठ्या कड्याची बाजू किंचित आकाशाकडे वळलेली असते आणि तिच्यातली नक्षी स्वच्छ वाचता येते.

यावरून दोन गोष्टी निघतात. हेडशी उभी असलेली व्यक्ती बोल ओळखते ती बाजूच्या रंगावरून, आणि मॅटवरची व्यक्ती ओळखते ती अंगाच्या रंगावरून. तेव्हा स्किपचं म्हणणं अर्धं बरोबर आहे: मॅटवरून तिला तुमचा काळा आणि त्यांचा काळा वेगळा करता आला नाही, आणि बाजूला कितीही चकचकीत स्टिकर असता तरी तिथून फारसा फरक पडला नसता.

उरलेलं अर्धं मात्र वेगळं आहे. फोर्समध्ये प्रत्येकीने संचातल्या चारपैकी दोनच बोल टाकायचे. तिसऱ्या क्रमांकाच्या दोघींचे बोल होईपर्यंत दोन्ही स्किप हेडशीच असतात. तुमची स्किप मॅटकडे निघाली तेव्हा सोळापैकी बारा बोल पडलेले होते आणि ते तिने जवळून पाहिले होते. त्यानंतर फार तर तीन बोल पडले असतील, आणि मग तिचा शेवटचा. म्हणजे गोंधळ होऊ शकतो तो या तीन बोलांमुळे, आणि त्यांच्या धक्क्याने जागा बदललेल्या जुन्या बोलांमुळे. त्या वेळी हेडशी कोण होतं? तुम्ही. हे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. एवढंच की त्या क्षणी स्किपचे डोळे तुम्ही असता, आणि ही कडी रंगापेक्षा स्वस्तात दुरुस्त होते.

मॅटवरून "कुणाचा शॉट?", म्हणजे जॅकच्या सर्वांत जवळ कुणाचा बोल, असा प्रश्न आला की बऱ्याच जणी "आपला!" एवढंच ओरडतात. कोणता आपला ते कळत नाही. त्याऐवजी जागा सांगायची ठरवून घ्या, आणि तीही स्किपच्या बाजूने: "जॅकच्या उजव्या हाताला, वीतभर मागे, आपला. त्याच्या पुढ्यातला त्यांचा." उजवं-डावं नेहमी मॅटवरून बघणाऱ्याचं. हे दोघींनी एकदा बोलून पक्कं केलं नाही तर ऐन वेळी हमखास उलट होतं, कारण तुम्ही तिच्याकडे तोंड करून उभ्या असता. आपल्या बोलावर हाताचा तळवा धरून दाखवायचा आणि त्यांच्या बोलाकडे नुसतं बोट करायचं, अशी साधी खूण ठेवली तर वाऱ्यात आवाज पोचला नाही तरी चालतं. दाखवताना बोलाला हात लागू देऊ नका. आणि जोराचा बोल सोडायचा असेल तर स्किपने चालत येऊन हेड बघावं. स्किपला हेडपर्यंत यायची मुभा कोणत्या टप्प्यावर आहे ते तुमच्या स्पर्धेच्या नियमांत बघून ठेवा. जोराचा बोल हा हेड उधळणारा. तो आठवणीवर सोडू नये.

"चौघींचा एकच रंग" या कल्पनेकडे येऊ. नियम एकाच खेळाडूच्या संचाबद्दल कडक आहे: त्यातले सगळे बोल एकाच उत्पादकाचे, एकाच प्रकारचे, आकार, वजन, रंग, बायस, अनुक्रमांक आणि कोरीव नक्षी सारखी. म्हणूनच दोन काळे आणि दोन नारिंगी असा मेळ घालता येत नाही. पण संघातल्या चौघींचे संच एकमेकींशी जुळायला हवेत असं तो म्हणत नाही, आणि म्हणू नये हेच ठीक. बोलाचा व्यास 116 ते 131 मिलिमीटरपर्यंत असू शकतो. पंधरा मिलिमीटरची ही मोकळीक हातांचे पंजे वेगळे असतात म्हणून आहे. एकाच मॉडेलचा, प्रत्येकीच्या आकाराचा, वजनाचा आणि वर त्याच रंगाचा संच चौघींना मिळणं अवघड. मिळाला तरी पुढच्या वर्षी कुणी संघ सोडला की नव्या येणारीलाही नारिंगीच घ्यायला लावणार का?

शिवाय संघात एकाच बायसचे बोल असणं हा गुण नव्हे. तिसऱ्या क्रमांकावर अडकलेल्या हेडमध्ये बाजूने वळून शिरावं लागतं. पुढ्यात लीडचे आणि सेकंडचे (दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचे) बोल पसरलेले असताना रुंद वळण ही तुमची ताकद आहे. लीडला अरुंद बायस सोयीचा, तुम्हाला तो असेलच असं नाही. आणि समोरचा संघ नारिंगी निघाला तर? तेव्हा चौघींच्या नारिंगीचा उपयोग शून्य आणि गोंधळ चौपट, कारण आधी निदान दोनच संच काळे होते, आता सोळाच्या सोळा बोल एका रंगाचे.

तर रंग बदला, पण जिथे स्वस्तात आणि नियमात बदलता येतो तिथून सुरुवात करा: नक्षीपासून. अकरा वर्षांत उडून गेलेला तो रंग परत भरणं हे घरचं काम आहे आणि ते आधी करायलाच हवं होतं.

त्याची रीत अशी. चारही बोल कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा आणि मऊ टूथब्रशने नक्षीतला चिखल काढा. रात्रभर कोरडे होऊ द्या. रेघांत पाणी राहिलं की रंग खालून फुगतो. मग कानकोरणीच्या कापसावर स्पिरिट घेऊन नक्षी पुसा. हे टाळलं की काम फुकट गेलंच म्हणून समजा, कारण पॉलिशचं मेण रेघांत साचलेलं असतं आणि मेणावर कोणताच रंग टिकत नाही. जुना रंग खरवडायला लाकडी टूथपिक घ्या. सुई किंवा टाचणी वापरली तर रेघेच्या काठावर ओरखडा पडतो, नवा रंग त्या ओरखड्यातून बाहेर पसरतो आणि नक्षी फाटल्यासारखी दिसते.

रंग कोणता? इनॅमल टिकाऊ पण वाळायला वेळ घेतो. ॲक्रिलिक लवकर वाळतो, चुकला तर ओला असतानाच पाण्याने पुसता येतो, पण दोन मोसमांत परत भरावा लागेल. पहिल्यांदा करणाऱ्याने ॲक्रिलिक घ्यावा असं माझं मत. दहा मिलिलिटरची बाटली चार बोलांना पुरून उरते. शून्य नंबरचा ब्रश, पातळ हात, तो वाळल्यावर दुसरा पातळ हात. एकाच जाड थरात भरला तर वरून साय धरते, आत ओला राहतो आणि पहिल्याच सामन्यात अंगठ्याला लागून येतो. रेघेबाहेर आलेला रंग काढताना कापड बोटावर गुंडाळू नका. बोट रेघेत दबतं आणि भरलेला रंगच उचलून आणतं. जुन्या प्लास्टिक कार्डाला ओलसर कापड ताणून गुंडाळा आणि ते सपाट धरून पृष्ठभागावरून ओढा. वरचा रंग निघतो, आतला राहतो. मग पूर्ण एक दिवस बोलांना हात लावू नका.

याहून सोपा मार्ग म्हणजे मेणाचा खडू, मुलांच्या चित्रकलेचा. नक्षीवर घट्ट घासायचा, वरचं पुसून टाकायचं, झालं. तो लवकर निघून जातो, पण रंग ठरवायच्या आधी दोनतीन रंग घालून बघायला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

दोन पथ्यं. रंग फक्त नक्षीत आणि कड्यांत जाईल, बोटांच्या पकडीसाठी असलेल्या खाचांत किंवा खळग्यांत नाही. ते बुजले की पावसाळी हवेत बोल हातातून सटकतो. आणि दोन्ही बाजू अगदी एकसारख्या रंगवू नका. लहान कडं बायसची बाजू दाखवतं. आजवर ती बाजू तुम्हाला हाताला सवयीने कळत होती. आता दोन्हीकडे झगझगीत रंग आला की घाईत उलटा बायस टाकायची पाळी येते, आणि ते पाहण्यासारखं दृश्य नसतं, बोल शेजारच्या रिंकमध्ये, म्हणजे खेळाच्या पट्ट्यात, जातो. लहान कड्याच्या रेघेत पांढरा आणि बाकी नक्षीत तुमचा रंग, असं केलंत तर हातात घेताच फरक डोळ्यांत भरेल. चारही बोल एकाच बैठकीत, एकाच बाटलीतून, तंतोतंत सारखे रंगवा. संच एकसारखा दिसला पाहिजे.

काळ्या अंगावर फिकट पिवळा, आकाशी किंवा फिकट गुलाबी उठून दिसतो. लाल घेऊ नका. दुपारी तो झकास दिसतो, पण उजेड उतरायला लागला की डोळ्याला लालच आधी काळवंडलेला दिसतो, आणि सामना नेमका तेव्हाच अटीतटीला आलेला असतो.

स्टिकरचं काम वेगळं. तो सामन्यापुरता, आणि तो चौघींना एक करतो. तुमच्या स्किपला जे हवं आहे ते, नवा संच न घेता, इथे मिळतं. स्पर्धा भरवणाऱ्यांनी परवानगी दिली असेल तर चौघींच्या सगळ्या बोलांना दोन्ही बाजूंनी एकाच रंगाचा, एकाच नक्षीचा स्टिकर लावायचा. हिशेब सोपा आहे: फोर्समध्ये चार खेळाडू, प्रत्येकी दोन बोल, दोन बाजू, म्हणजे सोळा. ट्रिपल्सला तिघी, तीन बोल, दोन बाजू, अठरा. पेअर्सला दोघी, चार बोल, पुन्हा सोळा. सहा जास्तीचे पिशवीत ठेवा, कारण ओल्या गवतावर कडा सुटतात. दोन रंगांचे संच जवळ बाळगा. समोरचा संघ तुमच्याच रंगाचा निघाला तर पहिल्या एंडआधी बदलता येतील.

स्टिकर निघून येतात याचं कारण बहुतेक वेळा पुन्हा तेच मेण. स्पिरिटने जागा पुसा, वाळू द्या, मधल्या सपाट भागावर लावा आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत अर्धा मिनिट धरा. धावपट्टीच्या जवळपासही नको. शिक्का आणि अनुक्रमांक उघडे राहिले पाहिजेत. नक्षी उंचसखल असेल तर स्टिकर तिच्यावर धरत नाही, तेव्हा लहान मापाचा घ्या. सामना संपला की त्याच दिवशी काढा. आठवडाभर उन्हातल्या पिशवीत राहिला तर गोंद कडक होतो, मग तासभर स्पिरिटने घासत बसावं लागतं.

या दोन उपायांनी हेडशी होणारा गोंधळ जवळजवळ संपेल. मॅटवरून दिसण्याचा प्रश्न थोडा उरेल. तेवढ्यासाठी नवा संच घ्यायचा का? हा निर्णय रंगावरून घेऊ नका, संचाच्या वयावरून घ्या. बोलाच्या बाजूला कड्यांजवळ शिक्का असतो, त्यात वर्ष दिलेलं असतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंतच तो बोल चालतो. देशांतर्गत आणि क्लबच्या सामन्यांत प्रत्येक ठिकाणी वेगळा नियम असतो, काही जागी जुना शिक्काही चालतो. अकरा वर्षांच्या संचाचं हे वर्ष आज संध्याकाळीच बघा. मुदत संपत आली असेल आणि तुम्ही खेळता त्या स्पर्धांना चालू शिक्का लागत असेल, तर एक रस्ता फेरचाचणीचा आहे आणि दुसरा नव्या संचाचा. तेव्हाच रंगाचा विचार बरोबर घेऊन नवा संच पाहणं शहाणपणाचं. शिक्क्याला अजून वर्षं असतील तर घाई कशाला?

घ्यायचाच ठरला तर क्रम असा ठेवा: आधी आकार, मग बायस, मग वजन, सगळ्यात शेवटी रंग. दुकानात नेमकं उलट होतं, कारण नजर आधी रंगावर जाते. आकारासाठी दोन्ही हातांची मधली बोटं आणि अंगठे धावपट्टीभोवती गुंडाळा. टोकं जेमतेम टेकली तर आकार तुमचा. मग एका हातात पकडून हात उलटा करा. बोल सुटला किंवा दाबून धरावा लागला तर एक आकार खाली या. मोठा बोल हेडमध्ये हलायला जड असतो हे खरं, पण सोडताना हातात डुचमळला तर तो हेडपर्यंत नीट जाणारच नाही. तुम्ही लिहिता की ते नारिंगी मॉडेल हातात नीट बसत नाही. मग त्या मॉडेलवरची चर्चा तिथेच संपायला हवी.

जुन्याच मॉडेलचा, त्याच आकाराचा रंगीत संच मिळाला तर उत्तम, पण तोही पहिल्या दिवसापासून जुन्यासारखा धावेल असं धरू नका. अकरा वर्षं घासलेली धावपट्टी आणि नवीकोरी यांत फरक पडतोच. विकत घेण्याआधी कुणाचा तरी तसा संच उसना आणा. एकाच रिंकवर, मॅट आणि जॅक न हलवता, जुन्या संचाने वीस फोरहॅंड, वीस बॅकहॅंड (उलट बाजूने वळवलेले) टाका, मग नव्याने तितकेच. बोल सर्वांत बाहेर कुठपर्यंत जातो तिथे मैत्रिणीला खडूची खूण करायला सांगा. फरक वीतभर असेल तर आठवड्यात हात बसेल. हातभर असेल तर तुम्हाला पुन्हा नव्याने रेषा शिकायची आहे, आणि ते मोसमाच्या तोंडावर नको. वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा, कारण ओल्या, संथ ग्रीनवर, म्हणजे हिरवळीवर, सगळेच बोल कमी वळतात आणि दोन संचांतला फरक झाकला जातो.

रंग निवडायची एक युक्ती आहे, आणि ती स्किपलाही दाखवा. क्लबमधले जितक्या रंगांचे बोल मिळतील तितके धावपट्टी तुमच्याकडे करून 30 मीटरवर एका ओळीत मांडा. भर दुपारी एक आणि सावल्या लांबल्यावर एक, असे मोबाइलवर फोटो काढा, आणि मग ते कृष्णधवल करा. ज्यांची करडी छटा एकसारखी येते ते रंग संध्याकाळी डोळ्यालाही एकसारखेच दिसणार. गडद निळा, मरून, गडद हिरवा आणि काळा हे चौघे बहुधा एका रांगेत जाऊन बसतील. म्हणजे कुणी हौसेने काळ्याचा मरून केला तर त्याने फारसं काही बदललं नाही. नारिंगी गवतावर बहुतेकांना ठळक दिसतो, पण लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या नजरेला तितका नाही. पुरुषांत साधारण बारात एकाला हा त्रास असतो, बायकांत फार कमी. तुमच्या संघात प्रश्न येणार नाही कदाचित, मिश्र संघात मात्र आधी विचारून घ्यावं.

फिकट बोल घेणाऱ्यांना नंतर कळणारी एक अडचण सांगून ठेवते. जॅकला लागलेल्या बोलावर, म्हणजे टचरवर, खडूची खूण करावी लागते, तीही पुढचा बोल थांबायच्या आत. काळ्या बोलावर पांढरा खडू लख्ख दिसतो. पिवळ्या, फिकट गुलाबी किंवा पांढुरक्या बोलावर तो दिसतच नाही, आणि बोल डिचमध्ये, म्हणजे हिरवळीच्या टोकाच्या चरात, पडला की खूण आहे की नाही यावरून वाद. असा संच असेल तर खिशात गडद निळा खडू हवाच, आणि तो तुमच्या एकटीच्या नाही, हेडशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकीच्या. जॅक पांढरा किंवा पिवळा असतो आणि जेमतेम 63-64 मिलिमीटरचा. पिवळ्या बोलाला टेकलेला पिवळा जॅक मॅटवरून शोधून बघा, म्हणजे पिवळ्याचा मोह आपोआप उतरेल.

आता शेवटचा प्रश्न, हटवादीपणाचा. तुम्ही "मला नको" एवढंच म्हणत राहिलात तर तसं वाटेलच. त्याऐवजी स्किपसमोर वेळेची मर्यादा असलेला प्रस्ताव ठेवा: पहिले सहा सामने चौघींनी एकाच रंगाचे स्टिकर लावायचे, तुम्ही नक्षी रंगवून आणणार, हेडवरून जागा सांगायची पद्धत ठरवायची, आणि ओळखण्यात चूक झाली की ती वहीत लिहायची: कोणता एंड, कुठून बघताना, कुणाचा बोल. सहा सामन्यांनंतरही मॅटवरून बघताना झालेल्या चुका उरल्या, तर रंगीत संचाचा विचार करू, पण प्रत्येकीने आपल्या हाताच्या आकाराचा आणि आपल्या बायसचा. रंगही एकच नको, गवतावर उठून दिसणाऱ्या दोनतीन रंगांतला कोणताही चालेल. तयार असलेल्या दोघींनी तोवर पैसे भरले नसतील तर त्यांनाही थांबायला सांगा. ज्या मॉडेलने तुमच्या हाताला नकार दिला ते त्यांनी तरी हातात धरून बघितलं आहे का, हेही विचारा.

आणि उद्या नवा संच आलाच तर काळा लगेच देऊन टाकू नका. एक पूर्ण मोसम कपाटात राहू दे, चारही बोल एकत्र, नक्षी रंगवलेली. सामना सुरू करताना मात्र कोणता संच ते एकदाच ठरवा. मधल्या एंडला बदलता येणार नाही.